ब्लेडनं खरवडलेली रेघ

दसरा झाला की आमच्या कसबा बावड्यात दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, आणि मळीचा आंबूस-गोड वास न विचारता घरात शिरून उशांच्या अभ्र्यापर्यंत जाऊन बसतो. दुसरी म्हणजे माझे कान उभे राहतात. तिकडं वारणेच्या खोऱ्यात पावसानं भरलेलं धरण तुडुंब होऊन टेकलेलं असतं. पाणी कातळाच्या फटींतून खाली खाली उतरत जातं, आणि मग एखाद्या दुपारी इकडं आमच्या कपाटातले काचेचे ग्लास एकमेकांना हलकेच शिवतात. किण्ण. एवढंच. शेजारीपाजारी दाराकडं पळतात. मी घड्याळाकडं पळते.

"ट्रॅक्टर गेला गं," आमचे हे म्हणतात. कारखान्यातच नोकरी असल्यामुळं जगातल्या कुठल्याही थरथरीचं कारण त्यांना उसाची ट्रॉली वाटते. पण इतक्या वर्षांत मी एवढं शिकलेय. ट्रॅक्टर आला की आधी खिडकीची तावदानं बोलतात, मग ग्लास. धरणी हलली की आधी ग्लास, मग पोटात खड्डा, आणि तावदानं शेवटी, लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी.

परवाही ग्लास वाजले. लेक सुट्टीला आली होती, ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आई, साहेब हलले बघ."

आमच्या घरात भूकंपाला साहेब म्हणतात. त्याची एक गोष्ट आहे, आणि ती मी दर हंगामाला सांगते. सांगता सांगता त्यातली माझी रेघ दरवर्षी थोडी लांब होते, साहेबांचं नाक थोडं मोठं होतं, आणि माझं वय थोडं कमी. घरच्यांना ती पाठ आहे. एकदा मी मध्येच शिंकले तर पुढचं वाक्य यांनी म्हटलं. तरीही सांगते. काही माणसं दिवाळीला चकल्या करतात, मी सूड तळते.

त्या वेळी, म्हणजे किल्लारीच्या भूकंपानंतर साऱ्या महाराष्ट्राची झोप उडाली होती तेव्हा, मी कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. कचेरीचं नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो. बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलेली मुलगी आमच्या हुपरीच्या जैन आळीत मी पहिलीच. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटायचं की मी सोन्याच्या खाणीत नोकरीला आहे आणि लाजेपोटी सांगत नाही. नोकरी मिळाली ती मात्र दुसऱ्यांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवण्याची. हात बारीक कामाला तयार होता. आमच्या घरी ओसरीवरच चांदीच्या पैंजणांचं काम चाले. मुंगीच्या डोळ्याएवढ्या कड्या चिमट्यानं उचलायच्या, आचेवर धरायच्या, जोडायच्या. जोडून झालं की वडील म्हणत, "कडी नुसती टेकलीय का जोडलीय, वढून बघ." मी ओढायची. निम्म्या सुटायच्या.

कचेरीतलं काम मला त्याच जातीचं वाटलं. वारणेच्या खोऱ्यात धरण भरल्यापासून हादरे सुरू झाले होते. कोयनेचा मोठा भूकंप आमच्या आईवडिलांच्या पिढीनं भोगलेला, त्यामुळं कोल्हापूरच्या माणसाला भीती नवी नव्हती, पण या हादऱ्यांचं घर कुठलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. जमिनीखालच्या कातळात जुन्या भेगा असतात. दोन्ही बाजूंचे खडक त्या भेगेवर अचानक घसरले की वर आपण हलतो. नकाशावर भेगांच्या रेघा होत्या, वहीत हादऱ्यांच्या नोंदी होत्या. कुठला हादरा कुठल्या रेघेचा, ते जोडायचं. कडीला कडी. आणि ओढून बघायचं.

माणसं कमी पडली म्हणून एका हंगामात मलाही जीपमध्ये घातलं. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. ओल्या गवताचा, डिझेलचा, आणि डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा. खोऱ्यातल्या एका गावाखाली ओढा होता. अलीकडच्या काठावर काळ्या कातळात तांबड्या मातीचा एक पट्टा दिसला, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये भाजून निघालेली जुनी माती. इथं तो माझ्या खांद्याशी होता. पलीकडच्या काठावर तोच पट्टा माझ्या घोट्याशी. मधला खडक मुठीत धरला तर भुगा व्हायचा. म्हणजे कधीकाळी एक बाजू खाली बसली होती. वर चढून बघितलं तर त्याच रोखानं तीन झरे एका ओळीत. मी त्या ओळीत चालत गेले, आणि नाक समोरच्या घराच्या भिंतीला लागलं.

ते कांबळे गुरुजींचं घर. त्यांची शाळा बाजूलाच. गुरुजींनी पाणी दिलं, त्यांच्या आईनं, तानूबाईंनी, गुळाचा खडा दिला आणि जीपकडं बघत विचारलं, "पावणं, काय हरवलंय?"

"भेग शोधतोय, मावशी."

"मग आमच्या घरात ये की. धा दावते."

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. गुरुजी म्हणाले, "ताई, हादरा आला की ही कलते. कुठल्या अंगाला कलली ते मी बोटानं मोजून ठेवतो. आमच्याकडं यंत्र म्हणाल तर हेच." मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते मी आजवर कुठल्याही साहेबाबद्दल वाटून घेतलेलं नाही.

परत येऊन मी नकाशावर ती रेघ काढली. तुटक तुटक, म्हणजे संभाव्य. आमचे इनामदार साहेब चष्मा कपाळावर चढवून आले. खोऱ्याच्या पश्चिमेला एक लांबलचक भेग होती, ती त्यांनी तरुणपणी स्वतः चालून नकाशावर आणलेली. तिच्यावर त्यांचं पोटच्या पोरीसारखं प्रेम. खोऱ्यात कुठंही टाचणी पडली तरी ती आपल्याच भेगेमुळं पडली असं त्यांना वाटे.

"हे काय?"

"प्रस्तरभंग, साहेब. ओढ्यात थर सरकलेला दिसला."

"कुणी बघितला?"

"मी."

"तुम्ही कोण?"

मी जरा विचार केला. "ट्रेसर."

"मग ट्रेस करा, बाई. हुपरीला पैंजणाच्या कड्या जोडता तसे इथं डोंगर जोडू नका."

सगळी खोली हसली. हसणाऱ्यांची नावं माझ्याकडं आहेत. मग साहेबांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं आणि माझी रेघ खरवडली. कबूल करायला जीव जातो, पण फार सुरेख खरवडली. कागदाला ओरखडा नाही, शाईचा डाग नाही. हाताखालचा भुगा त्यांनी फुंकर मारून उडवला, तो माझ्या साडीवर पडला. ती साडी मी बरीच वर्षं धुतली नाही असं घरात सांगते. ते खोटं आहे, दुसऱ्याच दिवशी धुतली. पण राग धुतला नाही हे खरं.

राग जिरवायची आमच्याकडं सोयही नाही. शेजारणी कांदा-लसणाची चटणी कुटताना नवऱ्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना उखळात घालतात. आमच्या माहेरी-सासरी दोन्हीकडं कांदा-लसूण वर्ज्य. वेलदोडे कुटून कितीसा राग जाणार? वर आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावणी असते. लहानथोर सगळ्यांपुढं हात जोडायचे, वर्षभरात काही दुखावलं असेल तर क्षमा मागायची आणि करायची. मी घरात मागायची, बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, मागायची, कचेरीतल्या शिपायापुढंही मागायची. साहेबांपुढं हात जोडून उभी राहायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, तुमच्याखेरीज. साहेब खुशीनं मान डोलवत. आणि हे सगळं होऊन महिना उलटतो न उलटतो तो धरण भरून हादऱ्यांचा हंगाम यायचा. देवानं क्षमा आणि सूड इतके लागून लावायला नको होते.

घरी जेवणाच्या टेबलावर मी त्याच नकाशाची दुसरी प्रत अंथरली आणि रेघ परत काढली. अखंड.

आता रेघ खरी ठरवायची तर हादरे तिच्यावर पडायला हवेत. त्या वेळी यंत्रं थोडी आणि लांब. ती हादऱ्याची वेळ चोख सांगत, जागा मात्र मोघम, अमुक घेरात कुठंतरी अशी. म्हणून कचेरीनं खोऱ्यातल्या शाळांना पोस्टकार्डं दिली होती. किती वाजता हललं, किती जोरात हललं, लिहून पाठवा. कार्डावरची वेळ यंत्राच्या यादीतल्या वेळेशी जुळवायची. ज्या गावात त्या वेळी सगळ्यात जोरात हललं, त्या गावाजवळचा तो हादरा. सोपं गणित. सगळ्यात चोख कार्डं गुरुजींची. ओळ सरळ, अक्षर टपोरं, तसबिरीची बोटं मोजलेली.

आणि त्या कार्डांनीच माझा गळा धरला. गुरुजी लिहीत, अमुक वाजता फार जोरात हललं. यादीत बघावं तर त्या वेळेचा हादरा पार पश्चिमेच्या घेरातला, साहेबांच्या लाडक्या भेगेजवळचा. एकदा नाही, दोनदा नाही. भर हंगामात दिवसाला इतके हादरे होत की कुठल्याही वेळेला काही ना काही जुळायचंच. अर्थ असा निघे की गुरुजींचं गाव हलतं ते लांबच्या मोठ्या भेगेमुळं, माझ्या ओढ्यात काही नाही.

"काय बाई," साहेब म्हणाले, "तुमचेच गुरुजी माझ्या बाजूनं साक्ष देतात."

मी घरी येऊन कार्डं टेबलावर आपटली. हे जेवत होते. त्यांनी एक कार्ड उचलून वाचलं, वरणाचा डाग पाडला आणि म्हणाले, "माणूस खोटं बोलणारा दिसत न्हाय. तूच चुकली असशील की."

चुकले असेन. दोन वर्षं तसंच वाटत राहिलं. ओढ्याकाठचा तांबडा पट्टा मनात खांद्यावरून घोट्याशी उतरायचा आणि परत वर चढायचा. आपण ट्रेसर आहोत ते बरंच आहे असं वाटायला लागलं. अपमान होण्यापेक्षा अपमान करणारा बरोबर होता हे वाटणं जास्त बोचतं. मग पुढच्या हंगामात कोरी कार्डं पोचवायचं निमित्त काढून मी एस.टी.नं गुरुजींच्या गावी गेले. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. पोरं पाढे म्हणत होती. शाळा सुटल्याचा टोल झाला आणि सहज मनगटाकडं बघितलं.

"गुरुजी, तुमचं घड्याळ पुढं आहे."

"हाय की. धा मिन्टं." गुरुजी फळा पुसत होते. "वरच्या वाडीच्या आठ पोरी हैत. त्यांची एकच गाडी. शाळा टायमावर सोडली तर गाडी जाती, आन् गाडी गेली की पोरींची शाळा जाती. म्हणून घड्याळ पुढं. समद्या गावाला ठावं हाय."

"आणि कार्डावर कुठली वेळ लिहिता?"

गुरुजींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पाढा चुकले. "शाळेच्या घड्याळाची. सरकारी कागद हाय न्हवं? त्यावर घरची वेळ कशी लिवायची?"

मी बाकावर बसले ती उठेना. माझ्या स्वतःच्या घरातलं घड्याळ यांच्या पाळीसाठी पंधरा मिनिटं पुढं असतं. कोल्हापूर जिल्ह्यात एक तरी भिंतीवरचं घड्याळ खरं बोलतं का? सासूबाईंनी तर एक तिथीही पुढं ठेवली असती. हे ज्या बाईला ठाऊक असायला हवं होतं ती बाई दोन वर्षं कातळाला दोष देत बसली होती.

त्या संध्याकाळी घरी येऊन प्रत्येक कार्डातून दहा मिनिटं वजा केली. पश्चिमेचे घेर गळून पडले. त्यांच्या जागी यादीतले दुसरे हादरे आले, आणि त्यांचे घेर एकामागून एक ओढ्याच्या रोखानं बसत गेले. कडी, कडी, कडी. मी ओढून बघितलं. सुटेना.

सूड तयार होता, पण वाढता येत नव्हता. ही दहा मिनिटं साहेबांना सांगायची म्हणजे शाळा रोज दहा मिनिटं लवकर सुटते हे सांगायचं. साहेब दुसऱ्या दिवशी वरती कागद पाठवणार, गुरुजींना नोटीस येणार, घड्याळ सरळ होणार आणि आठ पोरी घरी बसणार. मी चांगली बाई आहे असं नाही. तीन दिवस मनात पोरी एका पारड्यात आणि साहेबांचं तोंड दुसऱ्या पारड्यात घालून बघितलं. साहेबांचं तोंड जड होतं. पण चौथ्या दिवशी बाजारात जाऊन एक मनगटी घड्याळ घेतलं, रेडिओच्या टोल्याला लावलं आणि गुरुजींच्या हातात बांधलं.

"हे धरणीचं घड्याळ," मी म्हणाले. "शाळेला दाखवायचं नाही."

गुरुजींना ते इतकं आवडलं की ते कार्डावर सेकंदही लिहायला लागले.

आता हवा होता नवा हादरा. एक मोठासा, सगळ्या यंत्रांवर उठणारा, ज्याबद्दल वाद घालता येणार नाही असा. आणि धरणी गप्प झाली. चार हंगाम नुसती खुळखुळ. धरण भरायचं, बॉयलर पेटायचा, मळीचा वास यायचा, मी स्वयंपाकघरात ग्लासांकडं तोंड करून उभी राहायची. मनात म्हणायची, ये. एकदाच ये. फार नको, पण साहेबाला कळेल एवढा ये. हे लिहिताना हसू येतं तसं तेव्हाही यायचं. बावड्याच्या एका स्वयंपाकघरात उभी राहून एक बाई भूकंपाला आवताण देतेय. पण मी गंमत करत नव्हते.

तो आला नव्या शतकातल्या एका सकाळी. पोळ्यांची कणीक तिंबत होते. ग्लास वाजले, पोटात खड्डा पडला, आणि तावदानं नुसती बोलली नाहीत, ओरडली. मांडणीवरची ताटं खाली आली. हे लेकीला घेऊन अंगणात पळाले. "बाहीर ये की," ते ओरडत होते, "बाहीर ये." मी दाराच्या चौकटीत कणकेचे हात घेऊन घड्याळाचा सेकंदकाटा बघत उभी होते. गाल गरम झाले होते. एखाद्या मुलीला बघायला पाहुणे यावेत तशी मी लाजले होते, असं लेक म्हणते. ती तेव्हा लहान होती, पण बघितलं ते विसरली नाही.

पाचव्या दिवशी कार्ड आलं. मी दारातच वाचलं. "सकाळी नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटे वीस सेकंद, मनगटी घड्याळाने." पुढं तसबिरीचं होतं, चार बोटं कलून खाली पडली. ओढ्याकडची भिंत पूर्ण खाली. मी टेबलाकडं धावले. यादीतली वेळ आणि कार्डातली वेळ अंगाला अंग लावून उभ्या होत्या. घेर रेघेवर. आसपासच्या गावांची कार्डंही आली होती, गाव रेघेपासून जितकं लांब तितका हादरा मऊ.

"लागला," मी म्हणाले. "माझ्याच रेघेवर लागला."

यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. "अगं, गुरुजींच्या आईचा हात भिंतीखाली सापडलाय की."

"हो," मी म्हणाले, "वाचलं ना."

वाचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कचेरीत बैठक भरली. वरून दोन मोठे अधिकारी आले होते. मी नकाशा पसरला, कार्डं मांडली, वेळा सांगितल्या. पाहुण्या अधिकाऱ्यांनी विचारलं, इथं भेग असल्याची शंका आधी कुणाला आली होती? इनामदार साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे म्हणाले, "इथं काहीतरी आहे, असं मी फार पूर्वीच म्हणालो होतो."

सात वर्षं ज्या क्षणासाठी मी ग्लास पुसत होते तो क्षण त्या माणसानं चहाच्या कपासारखा उचलून स्वतःच्या ओठांना लावला. बाकीच्यांनी बशीतली बिस्किटं मोजली. सरकारी खोलीत कुणी बोलत नाही.

"हो साहेब," मी म्हणाले. "म्हणाला होता की. ब्लेडनं."

आधी कोपऱ्यातला एक हसला, मग सगळे. तीच नावं, माझ्याकडं यादी होतीच. एका अधिकाऱ्याच्या नाकातून चहा आला. साहेबांची कानशिलं लाल झाली, भाजलेल्या मातीच्या पट्ट्यासारखी. मी पर्समधून शाईचं पेन काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी माझी रेघ स्वतःच्या हातानं काढली. त्यांचा हात हलत होता, आणि मला ते बघायला आवडलं. अजून आवडतं. क्षमावणीला त्यांच्यापुढं मी पुढंही हात जोडले, आणि तुमच्याखेरीज हे म्हणायचं सोडलं नाही.

घरात गोष्ट इथं संपते. हे टाळी वाजवतात, लेक "ब्लेडनं" म्हणून माझी नक्कल करते, आणि मी चहा ठेवायला उठते. याच्या पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. परवा ग्लास वाजल्यावर लेक म्हणाली, "मग गुरुजींच्या आईचं काय झालं गं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. मी म्हणाले, बरी झाली. आणि चहा उतू गेला.

बैठकीनंतर चार दिवसांनी संत्री घेऊन मी गावी गेले होते. विजयाची खबर द्यायला, असं मनात. शाळेच्या पटांगणात पत्र्याच्या आडोशाला गुरुजींचं बिऱ्हाड होतं. घराची ओढ्याकडची बाजू पडलेली, आतली चूल बाहेरून दिसत होती, आणि उघड्यावर आलेली चूल बघायला नको वाटते. तानूबाई बाजेवर बसल्या होत्या. हात खांद्यापासून प्लॅस्टरमध्ये.

मी बरंच काही ठरवून गेले होते. तोंडातून आलं ते वेगळंच. "मावशी, मी हादरा मागत होते. माझी रेघ खरी ठरावी म्हणून."

तानूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू मागिटलास म्हणून आला व्हय? तुजं घरात तरी कोण ऐकतंय का?"

गुरुजी हसले. मीही हसले. मला वाटलं सुटले. मग उत्साहात येऊन मी पिशवीतून नकाशा काढला आणि बाजेवर अंथरला. हा ओढा, हे झरे, ही रेघ, हे तुमचं घर. तानूबाईंनी चांगल्या हाताचं बोट रेघेवरून फिरवत घरापर्यंत आणलं.

"ही आमच्या भितीखालनं जाती?"

"भिंतीखालूनच, मावशी. खालचा खडक सगळा भुगा झालेला आहे. म्हणून तीच बाजू पडली."

"हे तुला कवा कळलं? परवा?"

मी नकाशाचा वर आलेला कोपरा दाबून बसवला.

"का जीप घिऊन आलतीस तवाच?"

"तेव्हाच."

"मग सांगिटलं का न्हाईस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. सात वर्षं मी त्यांच्याकडून वेळा घेतल्या, बोटं मोजून घेतली, गूळ खाल्ला. त्या घराबद्दल मला जे ठाऊक होतं ते मी साहेबांना सांगितलं, यांना सांगितलं, ग्लासांना सांगितलं. त्या घरात राहणाऱ्या बाईला सांगावं हे एकदाही डोक्यात आलं नाही. साहेबांनी रेघ कागदावरून खरवडली होती. माझ्या जिभेवरून ती कुणी खरवडली होती? माझ्या लेखी तो सगळा वेळ ती भेग माझ्या आणि इनामदार साहेबांच्या मधून जात होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, कागदावर नव्हती, मंजूर नव्हती, मी साधी ट्रेसर. गुरुजी दुसरीकडं बघत होते. मनगटावरचं घड्याळ ते दुसऱ्या हातानं फिरवत होते.

तानूबाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग बाजेवरून उठल्या. "चल. दाव आता, चूल कुठं मांडू."

आम्ही दोघी पडक्या घराच्या मागं चढलो. मी दगडावर दगड आपटून बघत होते, पायानं माती खरवडत होते. वरच्या अंगाला, रेघेपासून बऱ्यापैकी लांब, काळा कातळ उघडा पडला होता. अखंड, कुठं भुगा नाही. मी वाकून तळहात टेकला, ऊन लागून तो गरम झाला होता. साहेबांपुढं बरोबर ठरण्यासाठी मी सात वर्षं तडफडले होते. चूक ठरण्याची भीती मला पहिल्यांदा त्या कातळावर वाटली.

"इथं," मी म्हणाले. "आणि भिंती दगडमातीच्या जड नको, मावशी. हलक्या घ्या. वर पत्रा."

"नक्की?"

बैठकीत हाच शब्द मी दहादा म्हटला होता. आता तो येईना.

"नक्की नाही, मावशी. कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण माझं घर असतं तर मी इथं बांधलं असतं."

"मग तसं बोल की," तानूबाई म्हणाल्या, आणि चांगल्या हातानं खालचा एक दगड उचलून त्यांनी कातळावर ठेवला. तो जरा डगमगला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बसून तो दाबून धरला, आणि त्या दुसरा आणायला गेल्या.